पंचविसावी कथा

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर, जेथे आज कोपरखैरणे या नावाची गजबजलेली वसाहत सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखली जाते, तेथे अर्धशतकापूर्वी कोपर आणि खैरणे ही आगरी-कोळी वस्तीची गावे, त्यांची भातशेते, खाजणे आणि मिठागरे यांखेरीज फारसे काही नव्हते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन करण्याचे ठरले, आणि खातेदारांच्या सातबाऱ्यांवरून पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट पुसली जाऊन तेथे लहान लहान भूखंडांवरील बैठी घरे उभी राहिली. मुंबईतील घाऊक बाजार १९८१ पासून १९९६ पर्यंत टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे येथे हलविले गेले, तेव्हा त्या बाजारांत पाठीवर पोती वाहणारे, १९६९ च्या माथाडी कायद्याने आणि अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेने ज्यांना प्रथमच माणुसकीचे हक्क मिळवून दिले ते सातारा-सांगलीकडील माथाडी कामगारही या घरांतून मोठ्या संख्येने राहावयास आले. एका बाजूस मूळचे गावठाण, दुसऱ्या बाजूस घाटावरचे हे कुटुंबकबिले आणि मध्ये मुंबईच्या चाळी सोडून स्वतःच्या छपराच्या आशेने आलेली नोकरदार मंडळी, असा या वस्तीचा घाट आहे.

या तीनही प्रकारच्या घरांतून वाचला जाणारा, अर्थात जेथे वाचले जात होते तेथे, एक समान ऐवज होता, आणि तो म्हणजे ‘चांदोबा’ मासिक. ९ नोव्हेंबर २००४ रोजी ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी गाड्या सुरू होईपर्यंत कोपरखैरण्यास रेल्वेचे स्थानक नव्हते. म्हणून ठाण्याहून वा वाशीहून कोणी मोठ्या माणसाने येता येता अंक आणावा, त्याच्यावर प्रथम घरातल्यांचा आणि मग ओळीतील सर्व बिऱ्हाडांतील मुलांचा हक्क चालावा, आणि महिनाअखेरीस मुखपृष्ठ गळालेल्या अवस्थेत तो मूळ मालकाकडे परत यावा, अशी त्या काळची रीत होती. ज्याच्या हाती अंक येई तो सर्वप्रथम एकच पान उघडी: शिसवीच्या झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर टाकणारा, उपसलेली तलवार हाती धरलेला विक्रम राजा आणि त्याच्या पाठीवर लोंबणारे ते प्रेत, हे चित्र ज्या पानावर असे ते पान.

हे चित्र काढणारे के. सी. शिवशंकरन, म्हणजेच ‘शंकर’, हे मद्रासचे. ‘चांदोबा’चे मूळ घराणेही तेथलेच. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी जुलै १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या अवघा एक महिना आधी, तेलुगू आणि तमिळ भाषांत हे मासिक काढले. पुढे ते एकेका भाषेत पसरत गेले आणि १९५२ मध्ये ‘चांदोबा’ या नावाने मराठीत आले. याच दोघांच्या विजया प्रॉडक्शन्सने १९५१ मध्ये ‘पाताळ भैरवी’ हा मायावी मांत्रिकाचा चित्रपट काढला, आणि १९५७ मध्ये ‘मायाबाजार’. म्हणजे ज्या छत्राखाली मुलांच्या हातातील अद्भुत कथा छापली जात होती, त्याच छत्राखाली पडद्यावरचे अद्भुतही घडत होते. अद्भुत कथा आणि तिचे चित्रपटरूप यांच्यातील नात्याविषयी आजकाल फार बोलले जाते, ग्रंथाशी चित्रपट कितपत इमान राखतो याचा जाबसाल दर वेळी होतो. परंतु या देशात ते नाते किती जुने आणि किती निकटचे आहे, हे मद्रासच्या वडपळणी भागातील त्या एका आवारावरून ध्यानात यावे.

विक्रम-वेताळाच्या या मालिकेविषयी तिच्या निस्सीम वाचकांच्या मनात जो एक प्रश्न कायम घर करून असे, तो असा की हे संपणार केव्हा? राजा प्रेत घेऊन निघतो, प्रेतातील वेताळ गोष्ट सांगतो, अखेरीस प्रश्न विचारतो आणि बजावतो की उत्तर ठाऊक असून न दिल्यास डोक्याची शकले होतील. राजा उत्तर देतो, मौनाचा भंग होतो, आणि वेताळ प्रेतासह पुन्हा झाडावर. पुढील महिन्यात पुन्हा तेच. माझ्या वाचनातील अंकांत हा फेरा कधी संपला नाही. मूळच्या पंचवीस कथा सरल्यावर देशोदेशीच्या लोककथा आणि नव्याने रचलेल्या कथा त्याच चौकटीत बसविल्या गेल्या, आणि चौकट इतकी मजबूत की तिने त्या सर्वांचा भार वाहिला. वाचकांत या बाबतीत दोन तट होते. एक तट म्हणे, वेताळ झाडावर लोंबत राहण्यातच गंमत आहे. तो खाली उतरला की मासिकातील निम्मा आनंद गेला. दुसऱ्या तटाला राजाची दया येई. मी या दुसऱ्या तटाचा होतो आणि आजही आहे. आमच्या गल्लीतील माथाडी कामगार दिवसभर पाठीवर पोते घेऊन ट्रकापासून गाळ्यापर्यंत जो फेरा घालीत, तसाच मला विक्रमाचा फेरा वाटे. फरक इतकाच की माथाडीच्या फेऱ्याला संध्याकाळी हिशेब आणि आठवड्याला पगार होता, विक्रमाला तोही नव्हता. ज्याच्या श्रमाला शेवट नाही त्याच्या श्रमाला अर्थ कोठून येणार, हा प्रश्न मुलालाही पडतो, आणि त्याचे उत्तर द्यावयाचे तर मूळ ग्रंथाकडेच जावे लागते.

मूळ ग्रंथाचा इतिहास तर महाराष्ट्राच्या भूमीतूनच निघतो, आणि हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असावे याचे मला मनापासून वाईट वाटते. सातवाहनांच्या प्रतिष्ठानात, म्हणजे गोदाकाठच्या पैठणात, गुणाढ्य नावाचा पंडित होता, अशी परंपरा आहे. राजाला सहा महिन्यांत संस्कृत शिकविण्याचा विडा दुसरा पंडित शर्ववर्मा याने उचलला, गुणाढ्याने ते अशक्य म्हणून पैज लावली, आणि हरल्यावर शर्तीप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी या तीनही भाषांचा त्याग करून तो विंध्याच्या अरण्यात निघून गेला. तेथे पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात लक्ष श्लोकांची ‘बृहत्कथा’ त्याने लिहिली आणि शिष्यांकरवी राजाकडे पाठविली. राजाने ती नाकारली. तेव्हा गुणाढ्याने अग्निकुंड पेटवून एकेक पान अरण्यातील पशुपक्ष्यांना वाचून दाखवावे आणि अग्नीत टाकावे, असा क्रम आरंभिला. हरणे, रानडुकरे आणि रेडे चारा सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहिली. राजाला पश्चात्ताप होऊन तो धावत आला तेव्हा सहा लक्ष श्लोक भस्मसात झाले होते आणि केवळ एक लक्ष उरले होते. ही कथा खरी असो वा कल्पित, आपल्या वाङ्मयात वाचकाच्या निष्ठेचे इतके उदात्त चित्र दुसरे नाही: राजसभेला जी कथा नकोशी झाली, तिच्यासाठी वनातील प्राण्यांनी अन्न टाकले.

ती पैशाची बृहत्कथा पुढे लुप्त झाली. तिचे सार अकराव्या शतकात काश्मिरात क्षेमेंद्राने ‘बृहत्कथामंजरी’त आणि सोमदेवाने, राजा अनंताची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी, ‘कथासरित्सागरा’त संस्कृतात आणले, आणि या दोन्हींत वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. सोमदेवाच्या पाठात ज्या राजाच्या खांद्यावर वेताळ बसतो तो उज्जयिनीचा विक्रमादित्य नव्हे. तो गोदावरीच्या तीरावरील प्रतिष्ठानचा राजा, विक्रमसेनाचा पुत्र त्रिविक्रमसेन होय. पुढील पाठांतून तो विक्रमादित्याच्या विशाल छायेत विरघळून गेला आणि पैठणचे नाव मागे पडले. पैठणच्या शालिवाहनाने उज्जयिनीच्या विक्रमाचा पराभव केला आणि नर्मदेच्या दक्षिणेस त्याचा शक चालू झाला, ही दंतकथा आपण पाडव्याला आवर्जून सांगतो. परंतु वेताळाला खांद्यावर वाहणारा राजा आपला होता, एवढी साधी गोष्ट सांगण्याचे आपल्याला सुचलेले नाही.

आता त्या शेवटाकडे वळू, कारण सर्व लेखाचा भार त्यावर आहे. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू दररोज राजाला एक फळ आणून देत असे आणि राजा ते कोशाध्यक्षाच्या हवाली करी. एके दिवशी एका माकडाच्या हाती ते फळ पडून फुटले आणि त्यातून अमूल्य रत्न निघाले. भांडारात पाहतात तो कुजलेल्या फळांतून रत्नांचा ढीग. राजाने प्रसन्न होऊन इच्छा विचारली, तेव्हा भिक्षूने कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात येऊन शिंशपेच्या झाडावरील प्रेत आणून देण्याची विनंती केली. पुढचा फेरा सर्वांना ठाऊक आहे. चोविसाव्या वेळी मात्र वेताळाने विचारलेला प्रश्न निराळा आहे. दक्षिणापथातील एका राजाचा वध होऊन त्याची राणी आणि कन्या अरण्यात पळतात. चंडसिंह नावाचा सरदार आणि त्याचा पुत्र त्यांच्या पावलांचे ठसे पाहतात आणि आपसांत करार करतात की मोठ्या पावलांची स्त्री पित्याने वरावी आणि लहान पावलांची पुत्राने. प्रत्यक्षात कन्येची पावले मोठी निघतात. करार मोडता येत नाही. पित्याचा विवाह कन्येशी होतो आणि पुत्राचा तिच्या मातेशी. या दोन दांपत्यांना पुढे जी मुले झाली, त्यांचे परस्परांशी नाते कोणते?

राजा गप्प राहिला. त्याला उत्तर सुचले नाही, आणि म्हणून त्याचे मौन टिकले, आणि म्हणून वेताळ झाडावर परतला नाही. तेवीस वेळा ज्ञानाने जे साधले नाही ते चोविसाव्या वेळी अज्ञानाच्या प्रामाणिक स्वीकाराने साधले. मग वेताळ राजाच्या धैर्यावर संतुष्ट होऊन त्याला सावध करतो: हा भिक्षू तुझाच बळी देणार आहे, तो तुला साष्टांग प्रणिपात करावयास सांगेल, तेव्हा तू म्हण की मी राजा असल्यामुळे मला असा नमस्कार कसा करावा हे ठाऊक नाही, आधी तू करून दाखव. राजा तसेच करतो, आणि वाकलेल्या भिक्षूचा शिरच्छेद करतो. येथपर्यंतचा शेवट पुष्कळांनी ऐकलेला असतो. परंतु त्यापुढचे काही जण गाळतात, आणि माझ्या मते सर्व मालिकेचा प्राण त्या गाळलेल्या भागात आहे. वेताळ वर माग म्हणतो, तेव्हा ज्या राजाने रात्रभर स्मशानात प्रेत वाहिले तो राज्य मागत नाही, द्रव्य मागत नाही, दीर्घायुष्य मागत नाही. तो मागतो इतकेच की या चोवीस कथा आणि ही समाप्तीची पंचविसावी कथा पृथ्वीवर प्रसिद्ध होवोत आणि लोकांत आदरणीय ठरोत. वेताळ तथास्तु म्हणतो, आणि जोडून सांगतो की जेथे या कथा सांगितल्या जातील तेथे यक्ष, वेताळ, राक्षस आदिकांची मात्रा चालणार नाही.

या शेवटाइतका समर्थ शेवट मला अद्भुत वाङ्मयात दुसरा ठाऊक नाही. ज्याने कथा ऐकताना सर्वाधिक कष्ट सोसले, तोच अखेरीस त्या कथांसाठी वर मागतो. चोवीस फेऱ्यांची दगदग आता व्यर्थ वाटत नाही, कारण राजाला त्या फेऱ्यांतून जे मिळाले ते त्याने मूल्यवान मानले, हे त्याच्याच तोंडून सिद्ध होते. शेवट नसलेली मालिका कितीही मनोरंजक असली तरी तिच्या नायकाला आपल्या श्रमाविषयी काय वाटते, हे ती आपल्याला कधीच सांगू शकत नाही.

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातच या कथांनी मराठी वेष घेतला होता. ‘बाळमित्र’कर्ते सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० च्या सुमाराची. त्याच कुळातील ‘सिंहासनबत्तिशी’ तर त्याहूनही आधी, १८१४ मध्ये, बंगालमधील श्रीरामपूर येथे वैजनाथशास्त्र्यांनी मोडी लिपीत छापविलेली. पेशवाई बुडण्यापूर्वी चार वर्षे मराठीत छापलेले पुस्तक अद्भुत कथांचे असावे, यात आश्चर्य काही नाही.  पुढे १८८९ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांनी संपादिलेला सोमदेवाचा संपूर्ण ‘कथासरित्सागर’ प्रसिद्ध केला. म्हणजे तो शेवट मुंबईत छापलेला, शंभराहून अधिक वर्षे आपल्या हाताशी होता.

पडद्यावर ही मालिका आली ती १९८५ मध्ये, रामानंद सागर यांच्या संस्थेने दूरदर्शनसाठी काढलेल्या ‘विक्रम और बेताल’च्या रूपाने. विक्रम झाले होते अरुण गोविल, वेताळ सज्जन, आणि योग्याच्या भूमिकेत अरविंद त्रिवेदी. याच चमूतील कित्येक माणसे पुढे जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘रामायणा’त दिसली. त्या वेळी ज्या घरी दूरचित्रवाणी संच असे त्या एका घरात दहा घरांची मुले जमत, आणि ती मुले ‘चांदोबा’ची वाचक असल्यामुळे परीक्षणही कडक होई. माझा स्वतःचा अभिप्राय आजही तोच आहे. सज्जन यांचा वेताळ अविस्मरणीय होता. परंतु तो पांढऱ्या केसांचा, हसरा, वाचाळ म्हातारा होता आणि त्याच्या हास्याने मुले घाबरण्याऐवजी आनंदून जात. शंकर यांच्या चित्रात प्रेत निराळे आणि त्यातून बोलणारा वेताळ निराळा, हा भेद डोळ्यांना जाणवत असे. राजा मेलेल्या माणसाचे ओझे वाहतो आहे आणि ते ओझे बोलते आहे, या कल्पनेतील भीषणता त्या मुक्या चित्रात होती, ती हालत्या-बोलत्या चित्रात उतरली नाही. साधनांच्या तुटपुंजेपणाचा दोष मी धरीत नाही. दृश्य माध्यम न दिसणारे दाखवू पाहते, आणि दाखविता क्षणी त्याचे वजन कमी होते. वेताळासारख्या पात्राच्या बाबतीत हा तोटा मोठा आहे.

कोकणाला तर वेताळ हा भीतीचा विषय कधी नव्हताच. गोव्यात तो बेताळ म्हणून पूजिला जातो. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या सीमेवर फिरून राखण करतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला मोठमोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात. पुण्याच्या टेकडीलाही त्याचेच नाव आहे. संस्कृत कथेत राजाच्या खांद्यावर बसणारा वेताळ आणि स्वतःच्या पायांनी गाव राखणारा हा वेताळ यांचा संबंध काय, हे दैवतशास्त्राच्या अभ्यासकांनी ठरवावे. मला इतकेच दिसते की कथेच्या शेवटी राजाचे रक्षण करणारा वेताळ आणि आरवलीचा राखणदार हे स्वभावाने सख्खे आहेत, आणि ज्या रूपांतरात वेताळ केवळ भूत म्हणून उरतो ते रूपांतर त्याच्या निम्म्या स्वरूपाला मुकलेले असते.

अलीकडच्या पिढीने हा वेताळ ओळखला तो ‘विक्रम वेधा’ या चित्रपटातून. २०१७ मध्ये तमिळमध्ये आणि ३० सप्टेंबर २०२२ रोजी हिंदीत पुष्कर-गायत्री या दिग्दर्शक दांपत्याने तो आणला. राजाच्या जागी पोलीस अधिकारी, वेताळाच्या जागी गुन्हेगार, आणि प्रत्येक कथेअखेर न्यायाचा एक पेच, ही योजना अत्यंत कुशल आहे आणि प्रश्नोत्तरांचे मर्म त्यात सागरांच्या मालिकेपेक्षाही अधिक तीव्रतेने उतरले आहे. परंतु त्याचा शेवट दोघांनी एकमेकांवर शस्त्र रोखलेल्या क्षणी थांबतो. ‘चांदोबा’ची मुले आता मोठी होऊन चित्रपट काढू लागली आणि त्यांनी ‘चांदोबा’चाच शेवट, म्हणजे न-शेवट, उचलला, असे मला तो पाहताना वाटले. मौन, भिक्षूचा डाव, वर मागणे, यांपैकी काही त्यात नाही; शेवटच्या प्रश्नापुढे नायकाने निरुत्तर होणे, हा जो मूळ कथेचा कळस, त्यापाशी येऊन तो थबकतो.

दरम्यान ‘चांदोबा’ स्वतःच संपला. १९९८ मध्ये काही काळ बंद पडून तो पुन्हा निघाला, २००७ मध्ये मुंबईच्या एका कंपनीने त्याचे हक्क घेतले, आणि २०१३ मध्ये तो कायमचा थांबला. वेताळ झाडावर तसाच राहिला. शंकर यांचे २९ सप्टेंबर २०२० रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी निधन झाले आणि पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. ज्या कोपरखैरण्यात हा अंक हातोहात फिरे, तेथील बैठ्या घरांवर आता मजले चढले आहेत, आणि मजले चढविताना माळ्यावरचे सामान प्रथम रद्दीत जाते, हे मी अनेक घरी पाहिले आहे.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. ज्यांच्या घरी ‘चांदोबा’चे जुने अंक असतील, मुखपृष्ठ गळालेले का असेनात, त्यांनी ते रद्दीवाल्याला न देता जवळच्या सार्वजनिक वाचनालयाच्या स्वाधीन करावेत आणि वाचनालयांनी ते नोंदवहीत रीतसर दाखल करून घ्यावेत. आणि जे पालक आपल्या मुलांना विक्रम-वेताळाच्या गोष्टी सांगतात, त्यांनी पंचविसावी कथा गाळू नये. चंडसिंहाच्या कथेतील अवघड प्रश्न मुलांच्या वयाला पेलेल अशा रीतीने सांगावा, राजा पैठणचा होता हे सांगावे, आणि त्याने शेवटी काय मागितले तेही सांगावे.